प्रायॉन लागलेली अवजारं साफ होतात का? वाचकांचे प्रश्न

मागच्या अंकात सीजेडीबद्दल, म्हणजे क्रॉयट्झफेल्ट-याकोब या मेंदूच्या जीवघेण्या आजाराबद्दल लिहिताना मी जाता जाता एक वाक्य टाकलं होतं, की याच्या प्रायॉनला, म्हणजे हा आजार लावणाऱ्या बिघडलेल्या प्रोटीनला, नेहमीचा ऑटोक्लेव्ह (दाबाखालच्या वाफेने अवजारं निर्जंतुक करणारं मशीन) पुरत नाही. त्या एका वाक्यावर इतकी पत्रं आली की या वेळचं सगळं सदर त्यालाच देतोय. नावं कुणाचीच छापत नाही, हॉस्पिटलात काम करणाऱ्या बऱ्याच जणांनी तशी विनंती केलीय आणि ती रास्त आहे.

प्रश्न : सर, मी मायक्रोबायॉलॉजीच्या दुसऱ्या वर्षाला आहे. पुस्तकात लिहिलंय की प्रायॉन म्हणजे नुसतं प्रोटीन, त्यात डीएनए-आरएनए काही नाही. मग प्रोटीन तर गरम केलं की बिघडतं ना, हेच का बिघडत नाही?

उत्तर : अरे ते आधीच बिघडलेलं आहे, तीच तर गोम आहे. हे प्रोटीन आपल्या सगळ्यांच्या चेतापेशींवर असतंच, साध्या घडीत, निरुपद्रवी. त्याची घडी चुकली की सपाट पट्ट्या एकमेकींवर घट्ट रचल्या जातात, आणि मग तो गठ्ठा शेजारच्या चांगल्या प्रोटीनलाही आपल्यासारखंच वाकवत सुटतो. या गठ्ठ्यात पाणी शिरत नाही, प्रोटीन कापणारी एन्झाइम्स त्याचा गाभा कापू शकत नाहीत आणि साध्या उष्णतेने तो उलगडत नाही.

युव्ही आणि गॅमा किरणांचं वेगळं आहे. ते जंतू मारतात ते मुख्यतः त्यांचं न्यूक्लिइक ॲसिड तोडून. इथे तोडायला ते नाहीच. १९६० च्या दशकात लंडनमध्ये टिकवा आल्पर या बाईंनी मेंढ्यांच्या स्क्रेपी आजाराच्या कारकावर किरणांचे प्रयोग केले, डोस वाढवत नेले तरी तो दाद देईना, तेव्हाच त्यांनी म्हटलं होतं की याच्यात न्यूक्लिइक ॲसिड नसावंच. लोकांनी फारसं मनावर घेतलं नाही. पुढे १९८२ मध्ये स्टॅन्ली प्रुसिनर यांनी 'प्रायॉन' हे नाव दिलं, त्यावरही बरीच वर्षं वाद चालला आणि १९९७ मध्ये त्यांना नोबेल मिळालं.

तेव्हा परीक्षेत 'प्रायॉन कसा मारतात' असं आलं तर लिही की मारायला तो जिवंतच नाही. त्याची घडी उलगडायची, त्याचे तुकडे करायचे नाहीतर जाळून राख करायची. कडक अल्कली, ब्लीच, तीव्र फॉर्मिक ॲसिड, ग्वानिडीन थायोसायनेट हे त्या कामाचे. अल्कोहोल, फॉर्मेलिन, ग्लुटाराल्डिहाइड, एथिलीन ऑक्साइड, फिनॉल हे नाहीत.

प्रश्न : मी एका हॉस्पिटलच्या सीएसएसडीची, म्हणजे अवजारं निर्जंतुक करणाऱ्या विभागाची, इनचार्ज सिस्टर आहे. आमच्याकडे न्यूरोच्या केसेस होतात. सेट १३४ डिग्रीला तीन-साडेतीन मिनिटांच्या होल्डिंग टाइमवर निघतो, बायॉलॉजिकल इंडिकेटर नेहमी पास. मागे एका पेशंटची ब्रेन बायोप्सी झाली आणि नंतर फाइलवर 'सीजेडी?' असं प्रश्नचिन्ह टाकून आलं, तोपर्यंत सेट नेहमीसारखा धुवून परत गेला होता. असं पुन्हा झालं तर काय करायचं? आणि आमचा इंडिकेटर यात काही सांगतो का?

उत्तर : सिस्टर, शेवटच्या प्रश्नापासून सुरू करतो. इंडिकेटर काहीच सांगत नाही. त्यात बॅक्टेरियाचे स्पोअर, म्हणजे त्यांची चिवट बीजं, असतात, ते मेले एवढंच तो सांगतो, आणि स्पोअर मरतात तिथे प्रायॉन आरामात टिकतो. म्हणून 'इंडिकेटर पास आहे' हे वाक्य या केसमध्ये कुणी तोंडावर फेकलं तर ते सोडून द्या.

आता आकडा समजून घ्या म्हणजे एवढा बाऊ का करतात ते कळेल. प्रयोगशाळेतल्या स्क्रेपी झालेल्या हॅमस्टरच्या एक ग्रॅम मेंदूत शंभर कोटी किंवा त्याहून जास्त इन्फेक्टिव्ह डोस असू शकतात. समजा तुमची पद्धत ९९.९९९९ टक्के काम करते, जे ऐकायला भारी वाटतं, तरी शंभर कोटींतले हजार उरले. त्यामुळे एका पद्धतीवर भिस्त ठेवायची नाही, आधी धुऊन माल कमी करायचा, मग केमिकल, मग वाफ, असे थर लावायचे.

आणि स्टीलला हे फार घट्ट चिकटतं. चार्ल्स वाइसमन यांच्या गटाने २००० च्या आसपास एक साधा प्रयोग केला होता, स्टीलच्या बारीक तारेचे तुकडे आजारी उंदराच्या मेंदूत पाच मिनिटं ठेवले, काढून नीट धुतले आणि निरोगी उंदरांच्या मेंदूत बसवले, तर ते उंदीर आजारी पडले. पाच मिनिटं फक्त, आणि धुतलेल्या तारा. त्याच तारा फॉर्माल्डिहाइडमध्ये ठेवून बघितल्या तरी आजार लागलाच, कॉस्टिकमध्ये, म्हणजे सोडियम हायड्रॉक्साइडमध्ये, तासभर ठेवल्यावर मात्र लागला नाही.

माणसांत काय झालं तेही सांगतो. १९७७ मध्ये झुरिकहून बातमी छापून आली, मेंदूत घालायचे ईईजीचे चांदीचे इलेक्ट्रोड एका सीजेडी पेशंटला वापरले होते, मग ७० टक्के अल्कोहोल आणि फॉर्माल्डिहाइडच्या वाफेने निर्जंतुक केले आणि एपिलेप्सीच्या दोन तरुण पेशंटना वापरले, दोघांनाही दोन वर्षांच्या आत सीजेडी झाला. पुढे तेच इलेक्ट्रोड एका चिंपांझीच्या मेंदूत बसवून पाहिले, त्यालाही आजार झाला. घाबरवायला सांगत नाही, अवजारांतून लागण झाल्याच्या नोंदी हाताच्या बोटांवर मोजण्याएवढ्याच आहेत आणि त्या जुन्या आहेत, पण अल्कोहोल-फॉर्मेलिनवर विसंबायचं नाही ही अक्कल तिथून आली.

करायचं काय? संशय ऑपरेशनच्या आधीच असेल तर शक्य तेवढं डिस्पोझेबल वापरा आणि नंतर सगळं जाळायला द्या. जागतिक आरोग्य संघटनेच्या १९९९ च्या मार्गदर्शक सूचनांत मेंदू, मणका, डोळ्याच्या मागचा भाग असल्या टिश्यूला लागलेल्या अवजारांसाठी जाळणं हाच सगळ्यात खात्रीचा मार्ग धरलाय. ड्रिल, आतून बारीक पोकळीच्या सक्शन ट्यूब, ज्याच्या आत ब्रश पोचत नाही असल्या वस्तू वाचवायच्या भानगडीत पडू नका.

जे वाचवायचंच आहे त्याची पहिली अट म्हणजे ते वाळू द्यायचं नाही. माझ्या मते सगळ्या प्रोटोकॉलमध्ये सगळ्यात जास्त दुर्लक्ष इथेच होतं. केस संपते, सगळे थकलेले असतात, ट्रे कोपऱ्यात पडून राहतो, दोन तासांनी कुणीतरी उचलतं. वाळलेल्या रंगाच्या ब्रशसारखं होतं मग ते, नंतर कितीही घासा. वाळलेल्या लेपावर १३४ डिग्रीची अठरा मिनिटांची सायकलसुद्धा पुरत नाही असं प्रयोगांत दिसलंय. म्हणून टेबलवरच पुसायचं, ओल्या गॉझमध्ये किंवा पाण्यात बुडवून झाकणबंद डब्यात न्यायचं. तो डबा नेहमीच्या वॉशरमध्ये बाकीच्या सेटबरोबर जाता कामा नये. आणि ग्लुटाराल्डिहाइडमध्ये तर अजिबात बुडवायचं नाही, ते प्रोटीन जागच्या जागी पक्कं करतं.

मग एक नॉर्मल सोडियम हायड्रॉक्साइड, म्हणजे लिटरला ४० ग्रॅम, ताजं बनवलेलं. पाण्यात दाणे टाकायचे, दाण्यांवर पाणी ओतायचं नाही, उकळून अंगावर येतं. त्यात एक तास बुडवून ठेवा, मग काढून पाण्याने नीट खळखळून धुवा, मग १२१ डिग्रीला ग्रॅव्हिटी ऑटोक्लेव्हमध्ये किंवा १३४ ला प्री-व्हॅक्यूममध्ये एक तास, आणि त्यानंतर नेहमीची साफसफाई आणि नेहमीचं स्टरिलायझेशन. कॉस्टिकमध्ये बुडवलेल्या स्थितीतच १२१ ला अर्धा तास असाही पर्याय आहे आणि तो जास्त जोरदार आहे, पण वाफेबरोबर अल्कली उडून मशीन आणि माणूस दोघांना इजा होऊ शकते, योग्य झाकणाचं भांडं नसेल तर त्या वाटेला जाऊ नका. ॲल्युमिनियमचं काहीही त्यात घालायचं नाही, खाऊन टाकतं. फेस शील्ड, जाड ग्लोव्हज, ॲप्रन हे सगळं आलंच.

आणि सेट परत गेला होता, त्याचं म्हणाल तर यावर उपाय केमिकलचा नाही, रजिस्टरचा आहे. कुठला सेट कुठल्या पेशंटला लागला हे लिहिलेलं असेल तर संशय आल्या दिवशी तो सेट कपाटात कुलूपबंद करता येतो आणि निदान होईपर्यंत तिथेच ठेवता येतो. निदान न कळलेल्या डिमेन्शियाच्या पेशंटची ब्रेन बायोप्सी असेल तर सर्जनने सांगायची वाट न बघता तुम्हीच सेट बाजूला काढा, आणि त्याबद्दल कुणी बोललं तर बोलू दे.

प्रश्न : साधं कपडे धुवायचं ब्लीच चालतं असं ऐकलं, खरं का?

उत्तर : खरं आहे, ताकद बरोबर असेल तर. हवं ते २ टक्के उपलब्ध क्लोरीन, म्हणजे २०,००० पीपीएम, एक तास. बाटलीवर ५ टक्के लिहिलं असेल तर दोन भाग ब्लीचला तीन भाग पाणी. उघडून महिनोन्महिने पडलेली बाटली नको, ताकद उतरते तिची. २०१९ मध्ये अमेरिकेत हरणांच्या सीडब्ल्यूडी या प्रायॉन आजारावर प्रयोग झाले, त्यात पाणी घालून ४० टक्के केलेल्या घरगुती ब्लीचमध्ये पाच मिनिटांत स्टीलवरचा प्रायॉन निकामी झाला, पण त्याच प्रयोगात हेही दिसलं की मांसाच्या घट्ट तुकड्याच्या आत ब्लीच शिरत नाही. वरवर पुसण्यापुरतं ते खरं. स्टीलला ब्लीचने बारीक खड्डे पडतात म्हणून अवजारांना कॉस्टिक आणि फरशी-टेबलाला ब्लीच असं लोक वाटून घेतात. ब्लीच असलेलं भांडं ऑटोक्लेव्हमध्ये घालू नका आणि फॉर्मिक ॲसिडच्या जवळपासही नेऊ नका.

प्रश्न : हिस्टोपॅथॉलॉजी लॅबमध्ये, म्हणजे टिश्यूचे काप तपासतात तिथे, टेक्निशियन आहे. आम्हाला शिकवलं की टिश्यू फॉर्मेलिनमध्ये पडला की संपलं, हाताळायला सेफ. तुमचं वाचून झोप उडाली. पॅराफिन ब्लॉक, म्हणजे मेणात बसवलेला टिश्यू, कापताना सुद्धा भीती आहे का? जुने ब्लॉक कपाटात आहेत त्यांचं काय?

उत्तर : झोप उडवायचा हेतू नव्हता पण तुमचं शिकलेलं बाकी सगळ्या जंतूंना लागू आहे, याला नाही. फॉर्मेलिन प्रायॉनला निकामी करत नाही, उलट तो फिक्स झाला की पुढे ऑटोक्लेव्हलाही जास्त चिवट होतो. याचा सगळ्यात मोठा दाखला माणसांचा नाही, मेंढ्यांचा आहे. १९३० च्या दशकात ब्रिटनमध्ये लूपिंग-इल नावाच्या मेंढ्यांच्या आजारावर लस बनवली, मेंढ्यांच्याच मेंदू-मणक्यापासून, फॉर्मेलिनने विषाणू मारून. विषाणू मेला. पण ज्या मेंढ्यांचा माल वापरला त्यातल्या काहींना स्क्रेपी होता हे कुणाच्या लक्षात आलं नाही, आणि दोनेक वर्षांनी लस दिलेल्या कळपांत स्क्रेपी दिसायला लागला. तेवढ्या फॉर्मेलिनला तो पुरून उरला होता.

तुमच्या कामासाठी उपाय आहे आणि तो चांगला आहे. फॉर्मेलिनमध्ये फिक्स झालेल्या टिश्यूच्या पातळ, ४-५ मिलिमीटरच्या चकत्या करायच्या, त्या ९५ टक्क्यांहून तीव्र फॉर्मिक ॲसिडमध्ये एक तास, मग परत ताज्या फॉर्मेलिनमध्ये ४८ तास आणि त्यानंतर प्रोसेसिंग. स्लाइड थोड्या वेगळ्या दिसतात पण वाचता येतात, पॅथॉलॉजिस्ट सुरुवातीला कुरकुरतात मग सवय होते. चकती जाड ठेवली तर ॲसिड आत पोचत नाही, घाईत नेमकी तिथेच गडबड होते. फॉर्मेलिनमध्ये फिनॉल मिसळायची जुनी पद्धत काही ठिकाणी अजून आहे, ती प्रायॉनसाठी निरुपयोगी आहे आणि टिश्यूही खराब करते, ती बंद करा. वापरलेलं फॉर्मेलिन बेसिनमध्ये ओतायचं नाही, तेही दूषितच धरायचं.

जुने ब्लॉक फॉर्मिक ॲसिडमधून गेलेले नसतील आणि पेशंट सीजेडीचा असेल तर ते इन्फेक्टिव्ह आहेत असंच धरा. वेगळ्या डब्यात, ठळक लेबल लावून. मायक्रोटोमला, म्हणजे काप घ्यायच्या यंत्राला, डिस्पोझेबल ब्लेड, आणि मेणाचे कपचे उडतात ते ओल्या कागदाने टिपून जाळायच्या पिशवीत.

खरी भीती टोचण्याची. फ्रान्समध्ये २०१० मध्ये एका रिसर्च लॅबमधली चोवीस वर्षांची टेक्निशियन प्रायॉन असलेल्या उंदराच्या गोठवलेल्या मेंदूचे काप घेत होती, बाकदार चिमट्याचं टोक दोन-दोन ग्लोव्हजमधून अंगठ्यात गेलं, रक्त आलं. साडेसात वर्षांनी लक्षणं सुरू झाली आणि २०१९ मध्ये ती गेली. तो व्हेरिएंट सीजेडी होता, म्हणजे गुरांच्या मॅड काऊ आजारातून माणसात आलेला प्रकार. पुढे २०२१ मध्ये आणखी एका निवृत्त लॅब कर्मचाऱ्याला सीजेडी असल्याचं कळल्यावर तिथल्या सरकारी संस्थांनी प्रायॉनवरचं लॅबचं काम काही काळ थांबवलं. त्यामुळे जिथे जमेल तिथे टोकदार चिमटा सोडून बोथट वापरा, कापताना चेनमेलचे किंवा कट-रेझिस्टंट ग्लोव्हज घाला, आणि टोचलंच तर रक्त वाहू द्या, साबण आणि कोमट पाण्याने धुवा, घासू नका, आणि त्याच दिवशी लेखी नोंद करा. नुसतं अखंड कातडीवर उडालं असेल तर धुतल्यावर एक मिनिटभर दहापट पातळ केलेलं ब्लीच लावून परत धुवायचं असं मार्गदर्शक सूचना सांगतात, जखमेवर मात्र तो प्रयोग नको.

प्रश्न : माझ्या वडिलांना सीजेडी असल्याचं निदान झालंय. डॉक्टर म्हणाले हातात काही महिने आहेत. तुमचा लेख वाचून बायको घाबरली, त्यांचं ताट-वाटी वेगळी ठेवायला लागली, मुलांना जवळ जाऊ देत नाही. त्यांची भांडी, चादरी कशाने धुवायच्या? कॉस्टिक सोडा आणू का?

उत्तर : नका हो, अजिबात नका. आणि हे त्यांनाही वाचायला द्या. वर जे लिहिलंय ते मेंदू-मणक्याला लागलेल्या अवजारांसाठी आहे, माणसासाठी नाही. सीजेडी जवळ बसल्याने, हात धरल्याने, पापा घेतल्याने, एका ताटात जेवल्याने, खोकल्याने लागत नाही. सेवा करणारे नवरे-बायका, नर्सेस, मुलं यांच्यात तो अशा संपर्काने पसरल्याचं दिसलेलं नाही. भांडी नेहमीच्या साबणाने, चादरी नेहमीच्या डिटर्जंटने. लघवी-शी काढताना ग्लोव्हज घाला, ते कुणाही अंथरुणाला खिळलेल्या पेशंटचं करताना घालतोच की आपण. मुलांना आजोबांजवळ बसू द्या, हे महिने परत येणार नाहीत.

दोनच ठिकाणी सांगायचं. त्यांचं कुठलंही ऑपरेशन, पाठीतून पाणी काढणं, दातांचं मोठं काम, डोळ्यांचं काही करायचं ठरलं तर आधीच निदान सांगा म्हणजे तिथले लोक अवजारांची तयारी करतील. आणि सीजेडीतले दहा-पंधरा टक्के आनुवंशिक असतात, बहुतेक, म्हणजे शंभरातले पंच्याऐंशीच्या आसपास, आपोआप उद्भवलेले असतात, तेव्हा तुमच्या घराण्यात पूर्वी कुणाला असं झालं होतं का एवढं न्यूरोलॉजिस्टना सांगून ठेवा.

प्रश्न : जाळलं की प्रश्न मिटला ना? आणि पुरलं तर?

उत्तर : जाळताना किती तापमान यावर आहे. पॉल ब्राऊन यांच्या गटाने २००० मध्ये स्क्रेपीचा मेंदू ६०० डिग्रीला पंधरा मिनिटं जाळून राख केली, ती राख टोचलेल्या हॅमस्टरपैकी काही आजारी पडले. माझा तर पहिल्यांदा विश्वासच बसला नव्हता. १००० डिग्रीला काही उरलं नाही. म्हणून उघड्यावर पेटवून देणं याला जाळणं म्हणत नाहीत, नीट इन्सिनरेटर हवा.

पुरण्याचं म्हणाल तर ब्राऊन आणि गायडुसेक यांनीच स्क्रेपीचा मेंदू मातीत मिसळून तीन वर्षं पुरून ठेवला होता, काढला तेव्हा बराचसा गेला होता पण चांगलाच उरलाही होता. मातीतल्या काही चिकणखनिजांना प्रायॉन घट्ट धरून बसतो, हरणांच्या आजाराची डोकेदुखी तीच आहे.

ब्रिटनमधल्या मॅड काऊच्या साथीत, १९८६ मध्ये ती ओळखली गेली तेव्हा, मेलेल्या जनावरांचं मांस-हाडं शिजवून भुकटी करून परत गुरांनाच चारत होते. शिजवताना प्रायॉन गेला नाही, आणि १,८०,००० च्या वर गुरांना आजार झाला. तिथे १९८८ मध्ये तसा चारा बंद केला. पुढे युरोपात अशा भुकटीसाठी १३३ डिग्री, ३ बार दाब, २० मिनिटं हा नियम आला, पण खरं काम चाराबंदीने केलं, त्या कुकरने नाही. जनावरांची अख्खी शवं नाहीशी करायला आता अल्कलाइन हायड्रोलिसिस वापरतात, कडक अल्कलीत १५० डिग्रीला दाबाखाली सहा तास, हाडांचा भुगा आणि तपकिरी पाणी उरतं.

प्रश्न : एंडोस्कोप ना कॉस्टिक सहन करतो ना ऑटोक्लेव्ह. मग?

उत्तर : पोटाची साधी एंडोस्कोपी असेल तर नेहमीच्या सीजेडीत आतड्याचा धोका फार कमी धरतात, नेहमीची नीट साफसफाई चालते. व्हेरिएंट सीजेडी वेगळा, त्यात टॉन्सिल, अपेंडिक्स, आतड्यातल्या लिम्फॉइड टिश्यूतही प्रायॉन असतो. नाकात वरपर्यंत, वासाच्या नसांपाशी जाणारा स्कोप आणि मेंदूत जाणारा न्यूरोएंडोस्कोप यांची काळजी जास्त. काही लो-टेम्परेचर हायड्रोजन पेरॉक्साइड मशीन प्रायॉनवर काम करतात असं दिसलंय, पण ते वाफेच्या रूपात आणि ठरावीक सायकलला, बाटलीतलं पेरॉक्साइड ओतून नाही, तेव्हा तुमच्या मशीनच्या कंपनीकडून त्या मॉडेलचा प्रायॉनचा डेटा लेखी मागा. नसेल तर मेंदूत गेलेला स्कोप निदान होईपर्यंत बाजूला ठेवायचा, आणि सीजेडी पक्का झाला तर फेकायचा. महाग पडतं, हो.